बियाण्याचा तालुका

कवडगाव तालुक्याच्या शिवेवर दोन झडत्या व्हायच्या. पहिली खिशांची. ती सोपी होती. बोलणारं, सुचवणारं, उत्तर देणारं कुठलंही यंत्र लोखंडी कपाटात ठेवायचं आणि पुढे जायचं. दुसरी झडती तोंडाची. वाणसमितीचा माणूस पाहुण्याला समोर बसवून, चहा पाजून गप्पा मारायचा. यंत्राला शेवटचं कधी विचारलं, काय विचारलं, घरात कोण कोण विचारतं. बोलता बोलता पाहुणा 'याच्या तीन बाजू आहेत' असं काही गुळगुळीत बोलून गेला, की समितीचा माणूस हात जोडायचा आणि म्हणायचा, की पाहुणे, चहा झाला, आता इथूनच परत फिरा.

समितीचा अध्यक्ष देवानंद खिल्लारे या दुसऱ्या झडतीत पटाईत होता. मामा वारला तेव्हा त्याने सख्ख्या मामेभावाला बापाच्या मातीला आत येऊ दिलं नव्हतं. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला तो माणूस शिवेपलीकडे उभा राहिला आणि लांबून जाणाऱ्या तिरडीला त्याने हात जोडले. गावाने देवानंदला नावं ठेवली, पण फार नाही. गावाची चूल त्या शिवेमुळेच पेटत होती.

हे सगळं सोवळंओवळं कशासाठी, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. माणसांनी शेकडो वर्षं लिहिलेलं, केलेलं, चुकलेलं, दुरुस्त केलेलं सगळं वाचून यंत्रांची एक बुद्धी तयार झाली. तिला लोक सहबुद्धी म्हणू लागले. पहिलं पीक जोरदार आलं. हिशोब, शिकवणी, वकिली, डॉक्टरी, शिवणकाम, ड्रायव्हरकी, सगळं तिने उचललं. मग झालं असं, की जगातलं बहुतेक काम तिचंच असल्यामुळे पुढच्या सहबुद्धीला शिकायला मागच्या सहबुद्धीचंच काम उरलं. संकरित बियाणं घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर काय होतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. शास्त्रज्ञांना मात्र ते कळायला बरीच वर्षं लागली.

त्यांनी या रोगाला नाव दिलं 'कडा झिजणे'. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं, की मधली ठळक अक्षरं राहतात आणि कडेचं बारीक लिहिलेलं आधी पुसलं जातं, तसं. शंभरातल्या नव्वदांना होणारा खोकला सहबुद्धीला अचूक ओळखता येई. लाखात एकाला होणारं दुखणं तिच्या आठवणीतून हळूच गळून जाई, आणि गळून गेलंय हेही तिला कळत नसे. ती पूर्वीइतक्याच खात्रीने, पूर्वीइतक्याच गोड भाषेत दुसरंच काहीतरी सांगे. यावर उपाय एकच होता. तिला पुन्हा माणसांचं ताजं काम शिकवायचं. पण ते अशा माणसांचं हवं, ज्यांनी तिची मदत कधीच घेतलेली नाही.

श्रीमंत देशांत असा माणूस औषधालाही सापडेना. मग शोध सुरू झाला मागासलेल्या जागांचा. कवडगाव तालुका डोंगरांच्या बेचक्यात होता. तिथे रेंज नव्हती, कारखाना नव्हता, बदली झालेला कारकून वर्षभर रडत असे. पिढ्यान्‌पिढ्या सरकारने ज्याच्याकडे पाठ फिरवली, तोच मागासपणा एक दिवस पीक म्हणून विकला गेला. जगात अशी अकरा वाणक्षेत्रं झाली. कवडगाव त्यातलं एक. लोकांनी करायचं काय, तर पूर्वी करत होते तेच. शिंप्याने शिवायचं, मास्तरांनी शिकवायचं, चार शहाण्यांनी बांधाची भांडणं मिटवायची. भिंतीवर एक तपकिरी डबी असे. तिचं नाव कानोसा. कानोसा सगळं ऐकायचा, बघायचा, टिपून पाठवायचा, आणि अवाक्षर बोलायचा नाही. त्याबद्दल घरटी पगार मिळे. शेजारच्या तालुक्यांत धडधाकट माणसं सरकारी भत्त्यावर पारावर बसून दिवस काढत, कारण त्यांना येणारं प्रत्येक काम सहबुद्धी त्यांच्यापेक्षा स्वस्तात करत होती. कवडगावात मुलगी द्यायला लोक तयार असत आणि मुलगी पुन्हा भेटणार नाही हेही मान्य करत.

ज्याने सहबुद्धीला एकदा विचारलं तो 'ओवळा'. हा शब्द शास्त्रज्ञांचा नव्हे, गावाचा. विचारणाऱ्याच्या बोलण्यातून तिची विचाराची वळणं दुसऱ्याच्या डोक्यात उतरतात, म्हणून ओवळ्या घराला महिनाअखेर तालुका सोडावा लागे. देवानंदच्या वडिलांना, संपतआबांना, या शब्दाचं फार हसू येई.

"माझ्या आज्याला हिरीच्या काठावर चढू देत नव्हते," ते दरवेळी सांगत. "आन् आता पुण्याचे साहेब माझ्या शिवंवर इचारून पाय टाकतात. दिस पालटायला लई येळ लागला, पन पालटले."

त्या वर्षी थंडीत देवानंदची मुलगी आम्रपाली आजारी पडली. ती तिसरीत होती आणि घरात तिला आमू म्हणत. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटायला लागले, मग पिंढऱ्याही सुजल्या. शिडी चढताना ती मध्येच बसे आणि बसल्याचं लपवायला शिडीशी खेळत असल्याचं दाखवी.

तालुक्यात डॉक्टर एकच होत्या, वनिता इंगोले. पुस्तकं वाचून आणि रोग्यांना हात लावून डॉक्टर झालेल्या शेवटच्या काही जणांपैकी त्या. त्यांनी घरी येऊन आमूची नडगी अंगठ्याने दाबली. खड्डा पडला आणि तसाच राहिला. कातडी लालसर होती, हाताला गरम लागत होती. चेहऱ्यावर मात्र सूज नव्हती. मूत्रपिंडाची शंका फिटावी म्हणून लघवी नळीत गरम करून पाहिली, ती किंचित गढूळ झाली, पण नाव घेण्यासारखं काही नाही. बाई विचार करत बसल्या होत्या तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या आबांच्या पायांकडे गेलं. आबा म्हणाले, की वय झालं की पाय सुजायचेच. बाईंनी ते पायही दाबून पाहिले. मग त्यांनी विचारलं, की घरात तेल कुठलं आहे.

पंचशीलाने, आमूच्या आईने, सांगितलं. आदल्या रब्बीत करडईचं पीक बुडालं होतं. आबांनी ओढ्याच्या पट्टीत मोहरी टाकली होती, ती स्वतः वेचली आणि लाकडी घाण्यावर तेल काढून आणलं. वास उग्र म्हणून तिने आणि देवानंदने तोंड लावलं नाही. आजोबा आणि नात मात्र जवसाच्या चटणीवर ते तेल ओतून एकाच ताटात जेवत.

वनिताबाईंना त्यांच्या सरांनी वर्गात जाता जाता सांगितलेली गोष्ट आठवली. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. ते मोहरीत मिसळलं आणि तेल निघालं, की ते खाणाऱ्यांचे पाय सुजतात आणि हळूहळू हृदय थकतं. पूर्वी अशा साथी येत. बाईंनी स्वतः असा रोगी कधी पाहिला नव्हता. तरी त्यांनी कानोशासमोर स्पष्ट सांगितलं, की तेलात धोतरा असल्याचा संशय आहे, आजपासून दोघांचंही तेल बंद, मीठ कमी, आणि पोरीला अंथरुणातून उठू द्यायचं नाही.

देवानंदचं समाधान झालं नाही. त्याला रोगाचं भारदस्त नाव हवं होतं, सुई हवी होती. तेल बंद करा असं कुणाची आजीही सांगेल, असं तो पंचशीलाला म्हणाला. ज्या बाईचा एकेक विचार परदेशातले लोक पैसे मोजून नेत होते, त्या बाईवर तिच्या गावच्या अध्यक्षाचा विश्वास बसेना. पिकतं तिथं विकत नाही ते असं. आणि यात देवानंदची एक खास चूक होती. शिवेवर उभं राहून राहून त्याच्या मनाने एक गणित पक्कं केलं होतं. ज्या गोष्टीवर एवढा पहारा आहे, ती केवढी जबरदस्त असणार. सहबुद्धीच्या कडा झिजल्या आहेत म्हणूनच आपल्याला पगार मिळतो, हे तो दर सभेत लोकांना समजावून सांगत असे. पण पोरीला धाप लागलेली पाहिल्यावर त्याला वाटलं, की खरं औषध बाहेर आहे आणि आपल्यालाच ते मिळू दिलेलं नाही. हे त्याचं एकट्याचं नाही. आपल्याकडे हे फार जुनं दुखणं आहे.

तेल बंद करून आठवडाही झाला नव्हता. सूज दिसेल इतकी उतरली नव्हती. देवानंद मोटरसायकल घेऊन शिव ओलांडून गेला आणि पलीकडच्या बाजारातल्या सेवाकेंद्रात पडद्यासमोर बसला.

सहबुद्धी त्याच्याशी इतक्या मायेने बोलली, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वय विचारलं, सूज विचारली, लघवीचं विचारलं. मग म्हणाली, की या वयात असं बहुधा मूत्रपिंडाच्या आजाराने होतं, त्यावर चांगलं औषध आहे, उशीर करू नये. देवानंदने आपणहून तेलाचं विचारलं.

"आपली काळजी मी समजू शकते," ती म्हणाली. "पण तेलाने असं होतं याला कुठेही आधार सापडत नाही."

येताना शिवेवर त्याच्या तोंडाची झडती कुणी घेतली नाही. घेणारा तोच होता.

वनिताबाईंना त्याने दवाखान्यामागच्या लिंबाखाली गाठलं, कानोशापासून लांब. त्याचा चेहरा पाहूनच बाई समजल्या. त्यांनी त्याला बोलू नका म्हणून सांगितलं. मी ऐकलं तर मीही ओवळी होईन आणि तालुक्याला डॉक्टर राहणार नाही, असंही सांगितलं. देवानंदने ऐकलं नाही. तो एवढंच म्हणाला, की मूत्रपिंड आहे, आणि तेलाचा काही संबंध नाही.

कानावर पडलेलं परत बाहेर काढता येत नाही. बाई त्या संध्याकाळी आमूपाशी पुन्हा बसल्या. नळीतला जो गढूळपणा आधी त्यांना किंचित वाटला होता, तो आता बराच वाटायला लागला. धोतऱ्याचा रोगी आपण कधी पाहिलेला नाही, एका सरांनी एकदा सांगितलं होतं, तेवढंच. तेवढ्यावर पोरीचा जीव टांगायचा? आबांचे पाय वयामुळेच सुजले असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. साऱ्या जगाचं ज्ञान एकीकडे आणि आपण एकट्या एकीकडे, हे ओझं त्यांना पेलवलं नाही. त्यांनी कानोशासमोर आधीचा निर्णय मागे घेतला, मूत्रपिंडाचा आजार म्हणून नोंद केली आणि त्याची औषधं सुरू केली. पंचशीलाने तेलाचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते मी मागे घेतलंय."

अळणी जेवण आमूच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिला एकच गोष्ट आवडायची, आबांच्या ताटातली चटणी. डॉक्टरबाईंनीच शब्द मागे घेतला म्हटल्यावर आबांनी पुन्हा तेल ओतलं. पोरगी चार घास जास्त खाते म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

आमू माघ सरायच्या आत गेली. शेवटी तिला आडवं झोपता येत नव्हतं. ती आबांच्या छातीला टेकून बसून असे आणि त्यांनाही धाप लागते याची तिला गंमत वाटे. आपण दोघं शर्यत लावू, असं ती म्हणायची. त्या घरात त्यानंतर जे रडणं झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांचं गेलं आहे त्यांना ते माहीत आहे.

जलदानविधी झाल्यावर वनिताबाई भेटायला आल्या. आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, कातडी लाल झाली होती आणि दोन शब्दांच्या मध्ये ते श्वास घेत होते. बाई उंबऱ्यातच थांबल्या. मूत्रपिंडाचा तोच आजार आजोबा आणि नातीला एकाच थंडीत व्हायचं काही कारण नव्हतं. त्यांनी उरलेली मोहरी मागितली आणि पांढऱ्या पंच्यावर पसरली. बहुतेक बी गुळगुळीत होतं. मध्ये मध्ये काळपट, खरबरीत, बारीक जाळी असलेले दाणे होते. बाईंनी त्यातले थोडे तळहातावर घेतले आणि देवानंदपुढे हात धरला.

"माझं बरोबर होतं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी देवानंद शिवेवरच्या कचेरीत गेला. तिथे वाणशास्त्रज्ञ डॉ. ऋता पराडकर आल्या होत्या. त्या दर तीन महिन्यांनी पुण्याहून येत, शिवेच्या आत पाय टाकत नसत आणि समितीशी कामापुरतं, हो की नाही एवढंच बोलत. त्यांचं बोलणंही ओवळंच, म्हणून. देवानंदने सगळं सांगितलं. पडदा, लिंबाखालची भेट, चटणी, काही म्हणजे काही लपवलं नाही. शेवटी तो म्हणाला, की माझ्या घराला काढा, पण ती नोंद आधी बदला.

ऋताबाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. या टेबलावर देवानंदने तालुक्याबाहेर काढलेल्या कित्येकांपुढे तसाच ग्लास सरकवला होता.

"आता तुमच्याशी मोकळं बोलायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.

नोंद गेली होती. दळणात गेलेला दाणा पिठातून वेचता येत नाही, तशी ती सहबुद्धीत मिसळली होती. आणि तिने दुहेरी शिकवण दिली होती. डॉक्टर जो निर्णय मागे घेतो, तो सहबुद्धी 'माणसाने तपासून खोटा ठरवलेला' म्हणून लक्षात ठेवते. पाय सुजले, कातडी लाल, तेलाचा संशय, आणि एका अनुभवी, सोवळ्या डॉक्टरने सांगितलं की तेल नव्हे, मूत्रपिंड. गेल्या कित्येक वर्षांत या दुखण्याची जगातली ही एकच माणसाची नोंद होती. कडेला दुसरं काहीच उरलेलं नसल्यामुळे सहबुद्धीने ती पूर्णपणे खरी मानली.

"मग तुम्ही सांगा तिला. तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

"मी तिच्याच सोबतीने शिकले, देवानंदराव. माझा शब्द तिथे धरत नाहीत."

"हाताने खोडा."

"पूर्वी हाताने खोडता यायचं. मग औषधवाले, तेलवाले, सरकारं, सगळेच आपापल्या सोयीचं खोडायला लागले. म्हणून आता कुणालाच हात लावू देत नाहीत. फक्त सोवळ्या माणसाच्या कामातूनच काही आत जातं."

"मी बाप आहे तिचा," देवानंद म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर झालंय. माझी साक्ष घ्या."

"तुम्ही ओवळे आहात. तुमची साक्ष घेत नाहीत."

हे वाक्य त्याच्या पणज्याने ऐकलं असेल, त्याच्या आधीच्यांनीही ऐकलं असेल. देवानंदला ते पुस्तकातून माहीत होतं. समोरची बाई वाईट नव्हती, तिचे डोळे भरले होते. आणि या नियमाची राखण त्यानेच इतकी वर्षं केली होती.

त्याने विचारलं, की मग बाकीच्या लेकरांचं काय. धोतरा काही एकट्या कवडगावात उगवत नाही. ऋताबाई म्हणाल्या, की जिथे जिथे असे पाय सुजतील, तिथे तिथे आता मूत्रपिंड म्हणूनच सांगितलं जाईल. मग त्यांनी एक वाट सांगितली. वनिताबाई रोज साऱ्या गावाशी बोलतात, म्हणून त्यांना महिनाअखेरची मुदत नाही, उद्याच तालुका सोडावा लागेल. त्यांच्या जागी मेळघाटच्या वाणक्षेत्रातून रुक्मा कासदेकर नावाची तरुण डॉक्टर येणार आहे. ती पूर्ण सोवळी आहे. तिने आबांना पाहिलं आणि स्वतःच्या डोक्याने धोतरा ओळखला, तर तो निर्णय आत जाईल आणि जुन्या नोंदीसमोर उभा राहील.

"आम्ही सांगू तिला."

"तुम्ही सांगितलंत की तो विचार तुमचा झाला. घरातल्या कुणीही तिच्या तोंडात तो घालायचा नाही. वनिताबाई का गेल्या, हेही तिला कळू द्यायचं नाही. विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या."

"आबाही आमच्याच घरातले."

"शरीर ओवळं होत नाही," ऋताबाई म्हणाल्या. "बोलणं होतं."

देवानंद उठला. दारापाशी त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. वनिताबाईंनी कालच आबांचं तेल बंद केलं होतं. नवी डॉक्टर येईपर्यंत सूज उतरलेली असणार, मग ती पाहणार काय? त्याने हे ऋताबाईंना विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

त्याने घरी हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आबांनी खोदून खोदून काढून घेतलं. ओवळ्या घरातला कानोसा तोवर काढून नेला होता. भिंतीवर त्याच्या जागी स्वच्छ चौकोन राहिला होता. वनिताबाईंना सकाळच्या गाडीने पाठवलं गेलं होतं, त्यामुळे नको म्हणणारं कुणी जाणतं माणूस घरात नव्हतं.

"माळ्यावर तेलाचा दुसरा डबा हाय," आबा म्हणाले.

देवानंद त्यांच्यावर ओरडला. आधीच एक जीव गेला आहे, आता बापाला हाताने विष घालू का, असं तो म्हणाला.  आबांनी त्याचा आवाज बसेपर्यंत वाट पाहिली.

"बी म्या येचलं," ते म्हणाले. "डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, तरी कुनाला न सांगता येचलं. लेकरानं माझ्या ताटातलं खाल्लं, देवा. आता येवढं एकच काम माझ्याकून व्हन्यासारखं हाय. ते कर म्हन."

थोडे दिवस, मग बंद, असा शब्द देवानंदने त्यांच्याकडून घेतला. बाप मुलाला असे शब्द देतो तसाच तो होता. पंचशीलाने भाकरी केली, चटणी वाढली. तेल ओतायला मात्र ती उठली नाही. ते देवानंदने ओतलं. आबा ताटाकडे न बघता जेवत होते. उतरू लागलेली सूज पुन्हा चढली. रोज सकाळी देवानंद बापाची नडगी दाबून बघे. खड्डा खोल पडला की त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून त्याला स्वतःची किळस येई.

डॉ. रुक्मा कासदेकर आली ती दुपारी. सावळी, चुणचुणीत, हाताला घाई नसलेली पोरगी. तिने आपल्यासोबतचा कानोसा खिडकीत ठेवला आणि आबांच्या पायाशी बसली. देवानंद खांबाला टेकून उभा होता, पंचशीला चुलीपाशी. दोघांनीही तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.

रुक्माने नडगी दाबली. खड्ड्याकडे बघत राहिली. हाताची पाठ कातडीला लावून तिने गरमपणा पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. आठी पाहून देवानंद खांब सोडून एक पाऊल पुढे आला. तिने छाती तपासली, डोळे पाहिले, लघवीचं विचारलं. वनिताबाईंनी ज्या क्रमाने विचारलं होतं, जवळजवळ त्याच क्रमाने ती चालली होती.

"आबा, घरात अजून कुणाचे पाय असे सुजले होते का?" तिने विचारलं.

पंचशीलाने पदर तोंडात धरला.

"नातीचे," आबा म्हणाले. "माझ्या नातीचे."

रुक्माचा चेहरा पालटला. तिने आबांच्या पायावर हलकेच हात ठेवला.

"हो, वाचलंय मी. आल्या आल्या सगळ्या नोंदी वाचल्या." तिने आबांचं पांघरूण सरळ केलं. "मलाही आत्ता तुम्हाला तेलाचं विचारावंसं वाटलं होतं. पण इंगोले मॅडमनी ते तपासून मागे घेतलंय. त्यांच्याइतका अनुभव मला कुठला? त्यांनी नाही म्हटलं, म्हणजे नाही. मुलीचं मूत्रपिंड होतं, आबा. तुमचं वयामुळे आहे."

मग ती कानोशाकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "वार्धक्य. हृदय थकलेलं. तेलाचा संबंध नाही."

देवानंदचं तोंड उघडलं होतं. आबांनी नुसती मान हलवून त्याला गप्प केलं. तो बोलला असता तर तिचंही घर त्या महिन्यात सुटलं असतं आणि तिचा शब्दही वाया गेला असता. रुक्माने गोळ्या लिहून दिल्या, पाय उशीवर ठेवायला सांगितले, पंचशीलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानोसा उचलून ती गेली. फार चांगली डॉक्टर होती ती.

 मग आबांनी रिकामं ताट स्वतःकडे ओढलं.

"आठी पडली व्हती तिच्या कपाळाला," ते म्हणाले. मधे थांबून त्यांनी श्वास घेतला. "तू पायलीस न्हवं? सूज अजून जरा दिसाया पायजे. परवा बलाव तिला परत. आन् तवर तेल थोडं जास्त घालत जा."

देवानंद माळ्यावरचा डबा काढायला उठला.